सायकलच्या पंपाचं राज्य

दहाव्याच्या दिवशी कावळा पिंडाला शिवेना. तळ्याच्या काठी भाताचे गोळे मांडून आम्ही मागे सरकून उभे होतो. कावळे होते, समोरच्या बाभळीवर बसलेले दिसत होते, पण एकही खाली उतरत नव्हता. माझा धाकटा भाऊ डेंग्यूने गेला होता. त्याचं लग्न झालेलं नव्हतं, त्यामुळे सगळं बाबांच्याच हातून चाललं होतं. आई गाडीत बसून होती, काच खाली करून.

अशा वेळी गेलेल्याची काही इच्छा राहिली आहे असं मानतात आणि ती पुरी करण्याचा शब्द मोठ्याने द्यायचा असतो. नागपूरहून आलेले काका पुढे झाले. हात जोडून म्हणाले, "काहून अडून बसला रे बाबू? आईबापाची फिकर करू नको. आम्ही आहोत ना." कावळे जागचे हलले नाहीत. मग मीही तसंच काहीतरी म्हटलं. चुलतभावाने सांगितलं की तुझी मोटरसायकल विकणार नाही, नीट पुसूनबिसून ठेवू. गुरुजींना आणखी एका ठिकाणी जायचं होतं. ते म्हणाले, "अजून काही आठवतंय का बघा. कधी कधी अगदी साधी गोष्ट असते."

ओल्या धोतरात तसेच उभे राहून बाबा म्हणाले, "तुझा तो खेळ आम्ही पुरा करू."

एक कावळा उतरला, दोन उड्या मारून पिंडाजवळ आला आणि त्याने चोच मारली. "शिवला," असं दोघंतिघं एकदम म्हणाले. गाडीतून आईने विचारलं, "काय म्हणाले ते? काय म्हटल्यावर शिवला?"

बाबा नंतर मला म्हणाले की ऊन चढलं तशी माणसं सावलीला सरकली, वाट मोकळी झाली म्हणून कावळा आला. ते खरंही असेल. आईला मात्र त्यांनी हे सांगितलं नाही.

खेळ म्हणजे व्हिडिओ गेम. भाऊ एका छोट्या कंपनीत होता. भोपाळमधल्या करोंदच्या धान्यमंडीतले कॉम्प्युटरला जोडलेले तोलकाटे बिघडले की तो दुरुस्तीला जायचा. संध्याकाळी गव्हाचा भुसा अंगावर घेऊन घरी यायचा, आंघोळ करायचा आणि टीव्हीसमोर जमिनीवर बसून खेळायचा. खेळ एका विदेशी कार्टून मालिकेवर बेतलेला होता. मालिका लहान मुलांची नव्हे. समुद्रकाठचं एक गाव आहे, तिथला मासे डबाबंद करण्याचा कारखाना कायम बंद पडायच्या बेतात असतो, आणि तो वाचवण्यासाठी गावातली मोठी माणसं सभा भरवतात, समित्या नेमतात, एकाच पुलाचं पुन्हा पुन्हा उद्घाटन करतात. मुलांना सगळं कळत असतं आणि त्यांना कोणी विचारत नाही. भाऊ कॉलेजात असल्यापासून ती बघून एकटाच हसायचा. बाबांना ते हसणं खटकायचं.

"यात हसण्यासारखं काय आहे?"

"बाबा, या तुमच्या फॅक्टरीतल्या मीटिंगा आहेत."

"आमच्या मीटिंगांमधून मशिनी बाहेर पडायच्या."

"म्हणून तर तुमच्यावर कोणी कार्टून काढलं नाही."

बाबा सरकारी कारखान्यात तपासणी विभागात होते. मी सातवीत आणि भाऊ दुसरीत असताना त्यांची नागपूरहून भोपाळला बदली झाली, आणि निवृत्तीनंतर नेहरू नगरात घर घेऊन आम्ही इथलेच झालो. तपासणीत आयुष्य काढलेल्या माणसाला खेळ या गोष्टीबद्दल फारसं चांगलं मत नसतं. त्यांनी तो शब्द का दिला, हे मी त्यांना विचारलं नाही. बहुधा भाऊ आजारी पडला तेव्हा खेळ अर्ध्यावर थांबला होता आणि टीव्हीखाली खेळाचा तो डबा तसाच पडलेला त्यांना रोज दिसत होता, एवढंच असेल.

तेराव्यानंतर पाहुणे गेले. आईने त्याच दिवशी चहा सोडला. आमच्याकडे नवस फिटेपर्यंत कोणी भात सोडतं, कोणी गोड सोडतं. आई दिवसातून चार वेळा चहा घेणारी. ती म्हणाली, "वर्षश्राद्धाच्या आत खेळ पुरा झाला पाहिजे. नाही तर तो तिथंच अडकून राहील."

"कुठे?" मी विचारलं.

"मला काय माहीत कुठे. तू शिकलेली आहेस."

मी एका कॉलेजात इतिहास शिकवते. अडकण्याच्या जागेबद्दल मला काही सांगता आलं नाही. पण आईचं डोकं दुखायला लागलं, तिची चिडचिड सुरू झाली, आणि चार वाजता आम्ही दोघं चहा घेत असताना ती उठून मागच्या अंगणात जायला लागली, तेव्हा हे प्रकरण नुसतं बोलण्यावारी नेता येणार नाही हे आम्हाला कळलं.

खेळायचं बाबांनी, असं ठरलं. शब्द त्यांचा होता. पुढे कुठून खेळायचं हा प्रश्न निघाला तेव्हा आईच्या मनात शंका नव्हती. आमच्या घरी पारायणं होतात. एकाने अर्धवट टाकलेलं पारायण दुसऱ्याने पुढे वाचायचं नसतं. ते खंडित झालेलं असतं, नवा वाचणारा पहिल्या अध्यायापासून बसतो. "त्याच्या जागेवरून तुम्ही पुढे गेलात तर ते ना त्याचं होणार ना तुमचं," आई म्हणाली. "पहिल्यापासून घ्या. त्याची खूण आहे तिथे राहू दे."

बाबांना हे पटलं. मी कॉलेजात गेलेली असताना त्यांनी आंघोळ करून, चष्मा पुसून खेळ सुरू केला. नवा खेळ की जुना, असं पडद्यावर आलं. त्यांनी नवा निवडला. मग आणखी एक सूचना आली की आधीची नोंद पुसली जाईल, चालेल का. त्यांनी ती दोनदा वाचली असं ते म्हणाले. पारायण नव्याने करायचं तर जुनं बाजूला व्हायलाच हवं, असा त्यांनी अर्थ लावला. त्यांनी हो म्हटलं.

मी घरी आले तेव्हा ते फाटकातच उभे होते. "त्याचं काही राहिलं नाही तिथे," ते म्हणाले. "मी सगळं उलटसुलट करून बघितलं."

या प्रकारच्या खेळात सुरुवातीला आपण एक पात्र तयार करतो. चेहरा, केस, कपडे, सगळं आपण निवडायचं. मग तेच पात्र होऊन त्या जगात वावरायचं, लोक सांगतील ती कामं करायची, लढायचं, हळूहळू बळ वाढवायचं. भावाने तयार केलेला मुलगा मी येता-जाता कधीतरी पाहिला होता. त्याला चष्मा होता एवढं आठवत होतं. केस कसे होते, सदरा कोणत्या रंगाचा होता, ते आम्हा दोघांनाही सांगता येईना.

आतून आईने विचारलं, "झालं का सुरू? त्याची खूण आहे ना जागेवर?"

"आहे," बाबा म्हणाले.

त्या दिवसापासून चारची वेळ खेळाची झाली. मी कॉलेजातून लवकर येऊ लागले. पडद्यावरचं इंग्रजी बाबांना कळत होतं, पण बटणं कळत नव्हती. मला बटणं त्यांच्यापेक्षा थोडी जास्त कळत होती. कथा अशी होती: वडिलांच्या बदलीमुळे एक मुलगा त्या समुद्रकाठच्या गावात नव्याने राहायला येतो. तोच आपण. गावातल्या मुलांनी दोन राज्यं केली आहेत. एकाचा राजा पाणीपट्टी वसूल करणाऱ्याचा मुलगा, दुसऱ्याची राणी डॉक्टरीणबाईंची मुलगी. दोन्ही राज्यांचं युद्ध चाललं आहे ते एका दैवी वस्तूसाठी, आणि ती वस्तू म्हणजे सायकलमध्ये हवा भरायचा पंप. ज्याच्याकडे पंप त्याचं जगावर राज्य. झाडूचा भाला, पातेल्याच्या झाकणाची ढाल. नवा मुलगा बोलत नाही. सगळे त्याला हुकूम सोडतात आणि तो कामाला लागतो.

बाबांना पहिल्यांदा काही आवडलं असेल तर लढायची पद्धत. त्या खेळात दोन्ही बाजू पाळीपाळीने वार करतात. "हे सभ्य आहे," ते म्हणाले. "आपण विचार करेपर्यंत समोरचा नुसता जागच्या जागी डोलत थांबतो." ते भरपूर विचार करत. समोरचा भालाईत डोलत राही आणि आई स्वयंपाकघरातून विचारी, "मेला का तो?"

"अजून नाही. बघतोय त्याच्याकडे काय काय आहे."

तपासणी विभाग त्यांच्यातून गेलेला नव्हता. मुख्य कथेशी संबंध नसलेली बारीकसारीक कामंही ते सोडत नसत. कोणाची हरवलेली मांजर शोध, कोणाच्या आजोबांची कवळी कारखान्यातून परत आण. प्रत्येक घरात शिरून प्रत्येक खण उघडून बघायचे. आई एकदा दारात येऊन उभी राहिली होती.

"अहो, दुसऱ्याच्या घरातले खण असे उघडतात का?"

"इथे चालतं."

"कोणी सांगितलं?"

"कोणी काही बोललं नाही अजून."

ती तिथेच चौकटीला टेकून बघत राहिली. नंतर तिची खुर्ची दाराजवळ आली. इंग्रजी तिला वेगाने वाचता येत नाही म्हणून मी सांगत जायची. मालिका फाजील आहे. मोठ्या माणसांच्या तोंडी जे विनोद आहेत ते आईला सांगण्यासारखे नव्हते. मी गाळून सांगायची.

"एवढं मोठं वाक्य होतं," आई म्हणायची, "आणि तू इतकंच सांगितलंस?"

मग बाबा चष्मा वर करून, कसलाही चेहरा न करता, शब्दशः भाषांतर करायचे. महापौर आपल्या पोटातल्या वायूचा संबंध पुलाच्या मजबुतीशी कसा जोडतो हे त्यांनी एखाद्या अहवालासारखं सांगितलं तेव्हा आई तोंडाला पदर लावून उठून गेली. ती हसत होती की काय ते मला दिसलं नाही. बाबांनी खेळ थांबवला, ती परत येईपर्यंत वाट बघितली.

पावसाळा संपला, दिवाळी आम्ही केली नाही. हातात धरायच्या त्या यंत्राचं एक बटण अडकायला लागलं. बाबा ते रुमालात गुंडाळून टी. टी. नगरच्या बाजारात घेऊन गेले आणि दुरुस्त करून आणलं. दुकानदाराने विचारलं, पोते के लिए है क्या? ते हो म्हणून आले.

थंडीत एका रविवारी भावाचा मंडीतला जोडीदार आला. भोपाळचाच मुलगा, त्याच्यासोबत तोलकाट्यांवर काम करणारा. भावाच्या कप्प्यातलं हेल्मेट आणि एक स्वेटर द्यायला आला होता. त्याला चहा-पोहे दिले. टीव्ही सुरूच होता. त्याने पडद्याकडे बघितलं आणि म्हणाला, "अरे, ये तो उसका वाला है. अंकल, आप खेल रहे हो?"

आईने त्याला सगळं सांगितलं. शब्द, पारायण, खूण. तिचं हिंदी इतक्या वर्षांनीही मराठी वळणाचं आहे, पण त्याला समजलं. मग ती म्हणाली, "बेटा, तुमको आता है ना ये? उसका निशान दिखाओ मेरेको. वो किधर तक पहुँचा था, वो देखना है."

त्याने यंत्र हातात घेतलं. नोंदींची पाटी उघडली. तिथे एकच नोंद होती, बाबांची. तो मागे गेला, पुढे आला, मग त्याने बाबांकडे बघितलं.

"नाही ती," बाबा आईला म्हणाले. "पहिल्याच दिवशी पुसली गेली. माझ्या हातून."

त्या मुलाला मराठी पुरतं कळत नव्हतं, पण काय झालं ते कळलं. तो घाईने म्हणाला, "आंटी, कसम से, उसमें कुछ था ही नहीं. वो आगे जाता ही कहाँ था. नया बंदा बनाता, चेहरा-वेहरा सेट करता, दो-चार दिन उस गाँव में घूमता, फिर मिटा के नया. मैं बोलता था, अबे एक बार खतम तो कर ले. बोलता था, नहीं यार, जब तक उसको कोई पहचानता नहीं, तभी तक मजा है."

"मतलब आगे का उसने देखा ही नहीं?" आईने विचारलं.

"पंप तक तो कभी नहीं पहुँचा, आंटी."

तो गेल्यावर आई स्वयंपाकघरात जाऊन कपबशा धुवायला लागली. बाबा खुर्चीत बसून राहिले. मला तेव्हा एकच गोष्ट दिसत होती. भावाला खेळ पुरा करायचाच नव्हता, तर आईला चहा सोडण्याचं कारण उरलं नव्हतं. मी आत जाऊन तिला तसं म्हटलं. त्याची इच्छा ती नव्हतीच. आता थांबलो तरी चालेल.

तिने पाण्याचा नळ बंद केला. "शब्द दिला तो दिला," ती म्हणाली. "त्याला हवं होतं की नाही, ते निराळं. उद्या उठून मी म्हणू का, की आम्ही चुकून दिला, परत घेतो?"

मग बाहेर येऊन बाबांना म्हणाली, "पुसलं ते पुसलं. खोटं कशाला सांगितलंत?"

ती दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी चार वाजता खुर्ची ओढून टीव्हीजवळ बसली आणि म्हणाली, "लावा."

तोवर आम्ही तिघंही मनात धरून चाललो होतो की भाऊ इथून गेला असेल, या पुलावर थांबला असेल, या विनोदाला हसला असेल. बाबा तर कधी कधी म्हणायचे, त्याने हा कसा मारला असेल? आता ते बोलणं थांबलं. कारखान्याच्या मागची वस्ती, दीपस्तंभ, राणीचा किल्ला म्हणजे बंद पडलेलं आइस्क्रीमचं दुकान, हे सगळं त्याने पाहिलेलं नव्हतं. आम्ही त्याच्या पुढे निघून आलो होतो. मला वाटलं होतं यामुळे कंटाळा येईल. तसं झालं नाही. उलट बाबा जपून चालायला लागले, आणि आई नवीन माणूस दिसला की आधी विचारायची, हा आपल्या बाजूचा का?

वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा शेवटची लढाई लागली. बाबा ती बरेचदा हरले. दोन्ही राज्यं एकमेकांवर तुटून पडली होती, आणि मोठी माणसं नेहमीप्रमाणे पुलापाशी सभा घेत होती. अखेर एका दुपारी राजा पडला, राणी पडली, आणि पंप नव्या मुलाच्या हातात आला. पडद्यावर प्रश्न आला. पंपाचं काय करायचं? तीन पर्याय होते. राजाला द्यायचा, समुद्रात फेकायचा, की पहिल्या घरातल्या त्या लहान मुलीला द्यायचा जिच्या सायकलचा तो मुळात होता. आम्ही तिला विसरूनच गेलो होतो.

बाबांनी यंत्र मांडीवर ठेवलं. "त्याने काय केलं असतं?"

"समुद्रात," मी म्हणाले. "युद्धच संपलं."

"छे. राजाला दिला असता. त्याच्या बाजूने लढलो ना आपण? तो कसाही असला तरी शिस्तीचा होता."

"तो आणि शिस्तीचा?" आई म्हणाली.

"तोलकाट्याचं काम शिस्तीशिवाय होत नाही."

"आणि अंथरुणाची घडी कोण करायचं रोज? मी."

मी म्हटलं की तो कोणाचीच बाजू घ्यायचा नाही. बाबा म्हणाले की मी लहानपणीचं बोलते आहे. थोडा वेळ आम्ही असे बोललो आणि लक्षात आलं की तिघांच्या बोलण्यातला माणूस एक नाही. त्या मित्राने सांगितलेला तर चौथाच होता. पडद्यावरचा मुलगा पंप घेऊन जागच्या जागी डोलत उभा होता.

"तो इथवर आलाच नसता," आई म्हणाली. "त्याला काय विचारता? ज्याची वस्तू त्याला द्या. तिची सायकल पडून आहे बिचारीची."

बाबांनी तिसरा पर्याय निवडला. मुलीने चाकात हवा भरली आणि ती सायकलवर बसून निघून गेली, आभारही न मानता. गावाने मग विजयाचा पुतळा उभारला तो भलत्याच मुलाचा. महापौरांनी भाषण केलं. कारखाना बंद झाला आणि त्याच दिवशी पुन्हा सुरू झाला. मग काळ्या पडद्यावर खेळ तयार करणाऱ्यांची नावं सरकायला लागली. बाबांनी ती सगळी जाऊ दिली.

"झालं?" आईने विचारलं.

"झालं."

तिने उठून चहा टाकला. पहिला घोट घेऊन म्हणाली, फार गोड झालाय. सवय मोडली होती. उरलेला तिने तसाच ठेवला आणि गुरुजींना फोन लावला. खेळ पुरा झाला आहे हे त्याला कसं कळवायचं, कुठे जाऊन सांगायचं, वर्षश्राद्धालाच सांगायचं की आधी, असं तिने विचारलं. फोनचा आवाज मोठा असतो, मलाही ऐकू येत होतं. गुरुजी थोडे घोटाळले. म्हणाले, "काकू, त्याला वेगळा विधी नाही. शब्द द्यायला कावळा लागतो. पाळल्यावर कोणाला सांगायचं, असं काही शास्त्रात दिलेलं नाही."

"असं कसं?"

"संपलं की संपलं, काकू. मनात म्हणा हवं तर."

आईला हे पसंत पडलं नाही. ती फोन ठेवून खोलीत दोनदा फिरली. बाबा तारा गुंडाळत होते. मग ती मागच्या अंगणात गेली. शेजारच्या बाई दोरीवरचे कपडे काढत होत्या. आमच्या खेळाबद्दल त्यांना काहीच माहीत नव्हतं. भिंतीजवळ जाऊन आई त्यांना म्हणाली, "सुनो, हमारा वो गेम पूरा हो गया."

बाई क्षणभर बघत राहिल्या. हातातली चादर खांद्यावर टाकून म्हणाल्या, "अच्छा? अरे वाह. बधाई हो, भाभी."

आईने ते नीट ऐकून घेतलं. "थँक्यू," म्हणाली, आणि आत आली.